एका मातेची फिर्याद

18 डिसेंबर 2024 रोजी एका मातेने आपल्या मुलाच्या मृत्यूची लेखी फिर्याद परभणीच्या पोलिसांकडे दिली. त्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदवावा, एवढा साधा आदेश मिळण्यास 4 जुलै 2025 हा दिवस उजाडावा लागला. आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम होण्यास 30 जुलै. सात महिन्यांहून अधिक काळ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि त्यावर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय, इतका खटाटोप एका कागदाची नोंद व्हावी म्हणून करावा लागला. या निकालाचे आम्ही स्वागत करतो. परंतु स्वागताच्या भरात आपण काय मिळविले आणि काय अद्याप मिळावयाचे आहे याचा विसर पडता कामा नये, म्हणून आज त्या निकालाविषयी आपल्याशी थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. मोर्चात जाण्याची सवय आपल्याला आहे; न्यायालयाची पायरी चढण्याची सवय मात्र अजून व्हावयाची आहे.

प्रथम हकीकत. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळील बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका इसमाने नासधूस केली. तो दिवस जागतिक मानवी हक्क दिनाचा होता, हा योगायोग कोणाच्या ध्यानात आला असेल काय, कोण जाणे! दुसऱ्या दिवशी शहरात बंद पाळण्यात आला. त्या बंदला काही ठिकाणी हिंसक वळण लागले. दगडफेक झाली, जाळपोळ झाली. त्यानंतर पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा 35 वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. प्रथम पोलीस कोठडी आणि मग न्यायालयीन कोठडी अशी त्याची रवानगी झाली आणि 15 डिसेंबरला तो मरण पावला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी प्राथमिक अभिप्राय दिला तो असा की, शरीरावरील अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू आला. विधानसभेत मात्र मुख्यमंत्र्यांनी सांगितले की, मारहाण झालेली नाही व मृताला श्वसनाचा विकार होता.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. सोमनाथ हा वडार समाजातला. ज्या समाजाने महाराष्ट्रातील रस्ते, पूल आणि धरणे यांचा दगड आपल्या हातांनी फोडला, आणि ज्याला गावाच्या वेशीबाहेरही कायमची जागा मिळाली नाही, त्या समाजातला मुलगा कायदा शिकत होता. संविधान हे बौद्धांचे, अशी भाषा आपल्यातही अधूनमधून ऐकू येते. ती बोलणाऱ्यांनी परभणीकडे पाहावे.

आता निकाल. कोठडीत मृत्यू झाला असता पोलिसांच्या चौकशीवर न विसंबता न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी केली पाहिजे, असा कायदा आहे. 2005 सालच्या दुरुस्तीने तो फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 196 म्हणून कायम राहिला. त्याप्रमाणे परभणीला चौकशी झाली. दंडाधिकाऱ्यांनी आपल्या अहवालात पोलिसांवर ठपका ठेवला. आपणांस वाटेल, झाले, आता गुन्हा नोंदला जाईल! परंतु तसे झाले नाही. कारण असा अहवाल आल्यावर पुढे काय करावयाचे, हे त्या कलमात सांगितलेलेच नाही. चौकशी करा असे कायदा म्हणतो. चौकशीत दोष दिसला तर कोणी, किती दिवसांत, कोणती पावले टाकावयाची याविषयी तो मौन पाळतो. आमच्या मते हे मौन फार महाग पडणारे आहे. चौकशीचा अहवाल कपाटात ठेवूनही कायदा पाळल्याचे समाधान शासनाला मिळू शकते.

म्हणून विजयाबाई सूर्यवंशी या मातेने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा दरवाजा ठोठावला. तिची बाजू बाळासाहेब आंबेडकर यांनी स्वतः उभे राहून मांडली. तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे दिलेला आहे, असे शासनाचे म्हणणे होते. न्यायमूर्ती विभा कंकणवाडी आणि न्यायमूर्ती संजय देशमुख यांनी 4 जुलै 2025 रोजी आदेश दिला की, मातेच्या 18 डिसेंबरच्या फिर्यादीवरून मोंढा पोलीस ठाण्याने एका आठवड्यात गुन्हा नोंदवावा आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे सोपवावा. शासन या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे 30 जुलैला त्याची विनंती फेटाळली गेली.

येथे आपण क्षणभर थांबावे. मातेच्या फिर्यादीची नोंद होऊ नये म्हणून राज्य शासनाने आपले वकील दिल्लीला उभे केले! तपासात पोलीस निर्दोष ठरले असते तर ते सर्वांनाच कळले असते. मग नोंदीलाच विरोध कशासाठी? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, नोंदवावे की नाही हे ठरविण्याची मुभा त्यांना सामान्यतः नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात 2013 साली स्पष्ट सांगितले आहे. फिर्याद शेतकऱ्याची असो की कैद्याच्या आईची असो, आणि आरोपीच्या अंगावर धोतर असो की खाकी वर्दी असो, या नियमात फरक पडत नाही. औरंगाबादच्या खंडपीठाने जे केले ते इतकेच की, बारा वर्षांचा जुना नियम परभणीलाही लागू आहे, असे सांगितले. नियम जुना, पण तो वर्दीला लागू करावयास धैर्य लागते, हेही तितकेच खरे.

या प्रकरणात शासनाने कुटुंबाला 10 लाख रुपयांची मदत जाहीर केली होती. मातेने ती घेण्यास नकार दिला. पुष्कळांना हा हट्ट वाटला. घरात कमावता हात गेलेला असताना एवढी रक्कम नाकारणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो, आणि एखाद्या कुटुंबाने ती घेतली तर त्याला आम्ही बोल लावणार नाही. पण मदत आणि भरपाई यांतला भेद आपल्या प्रत्येक घरात समजला पाहिजे. मदत ही देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. ती घेताना मान खाली जाते. भरपाई ही हक्काची असते. ती देताना राज्याला आपला दोष कबूल करावा लागतो. ओरिसातील नीलाबती बेहेरा या मातेचा 22 वर्षांचा मुलगा कोठडीतून गेला तो रेल्वेच्या रुळावर मृतावस्थेत सापडला. तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि 1993 साली दीड लाख रुपयांची भरपाई देवविली. मूलभूत हक्काचा भंग झाला की राज्याला सार्वभौमत्वाच्या आडोशाला लपता येणार नाही, हे तत्त्व एका आईच्या पत्रातून या देशाच्या कायद्यात आले. ती माता विधिज्ञ नव्हती.

पण बंधुभगिनींनो, आम्ही आपणांस खोटी आशा दाखविणार नाही. गुन्हा नोंदला जाणे म्हणजे तो शाबीत होणे नव्हे. आपल्या समाजाला याचा कटू अनुभव आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक महामार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाने त्यांच्यावर गोळीबार केला. दहा माणसे गेली. टँकर पेटविला जाणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा बचाव पुढे आला. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरीही गोळीबाराचा आदेश देणारा उपनिरीक्षक मनोहर कदम याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती 2009 च्या मे महिन्यात, जवळजवळ बारा वर्षांनी. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. रमाबाई नगरात त्या दिवशी जन्मलेले मूल निकालाच्या दिवशी सहावी-सातवीत असेल. शाहीर विलास घोगरे यांनी तर गोळीबारानंतर चारच दिवसांनी आपले जीवन संपविले. न्याय उशिरा का होईना पण मिळतो, असे सांगणाऱ्यांनी ही तारखांची ओळ एकदा मोठ्याने वाचून पाहावी.

आता एक अवघड प्रश्न, जो आपले विरोधक विचारतात आणि जो आपण स्वतःला अगोदर विचारला पाहिजे. परभणीच्या बंदमध्ये दगड कोणी मारले? दुकाने कोणी फोडली? ज्याचे दुकान फुटले त्या गरीब टपरीवाल्याचा संविधानाच्या विटंबनेशी काय संबंध होता? बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत जे अखेरचे मोठे भाषण केले त्यात त्यांनी बजावले की, घटनात्मक मार्ग खुले झाल्यानंतर रक्तरंजित मार्ग तर सोडलेच पाहिजेत, पण कायदेभंग आणि सत्याग्रह हेही बाजूस ठेवले पाहिजेत. ज्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. त्यामुळे दगड उचलणारा हात बाबासाहेबांचा अनुयायी म्हणवून घेऊ शकत नाही, हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. शिवाय एक वकील म्हणून सांगतो की, एक दगड हजार शांत माणसांची बाजू न्यायालयात दुबळी करतो.

परंतु याच भाषणाची दुसरी बाजू राज्यकर्ते सोयीस्कररीत्या विसरतात. घटनात्मक मार्ग खुला असताना, अशी त्या सांगण्याची अट आहे. तो मार्ग कोठून सुरू होतो? मंत्रालयातून नव्हे, विधानसभेतूनही नव्हे. सामान्य माणसासाठी तो पोलीस ठाण्याच्या टेबलापासून सुरू होतो, जेथे त्याची फिर्याद लिहून घेतली जाते किंवा नाकारली जाते. त्या टेबलावर सात महिने कागद न स्वीकारणारे शासन जेव्हा लोकांना घटनात्मक मार्गाने जा असे सांगते, तेव्हा ते आपल्याच हाताने बंद केलेल्या दाराकडे बोट दाखवीत असते. दगड मारणाऱ्याचा अपराध मोठा खरा. परंतु अडविलेल्या मृत्यूच्या फिर्यादीचे वजन त्याहून कमी भरेल असे आम्हाला वाटत नाही. पहिल्या अपराधासाठी माणसे कोठडीत जातात. दुसऱ्यासाठी आजवर किती गेली?

जगाकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. नायजेरियातील लागोस शहरात लेक्की येथील टोल नाक्यावर 20 ऑक्टोबर 2020 रोजी पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण राष्ट्रध्वज घेऊन बसले होते. त्यांच्यावर सैनिकांनी गोळीबार केला. आपल्या देशात न्याय मिळत नाही असे पाहून त्यांच्यापैकी काही जण पश्चिम आफ्रिकेतील राष्ट्रांनी मिळून स्थापन केलेल्या न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी नायजेरियाच्या शासनाला मानवी हक्कांच्या भंगाबद्दल दोषी धरले, तिघा अर्जदारांना प्रत्येकी 20 लाख नायरा देण्यास फर्माविले आणि अपराध्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला. युरोपात असे न्यायालय आहे, अमेरिका खंडात आहे, आफ्रिकेत आहे. आशियात नाही. भारताने छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर 1997 साली सही केली, परंतु त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. तेव्हा आपल्याला परक्या देशातील कोणी पंच नाही. आपले उच्च न्यायालय हेच आपले अखेरच्या अगोदरचे दार आहे, आणि कलम 226 ही त्याची किल्ली.

आणि हे दार आता आपल्या अंगणात आले आहे. 17 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कामकाज तेथे चालते. उद्घाटन केले ते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. दीक्षाभूमीच्या परंपरेतून आलेल्या घरातला माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरून शाहूंच्या नगरीत न्यायाचे दार उघडतो, हा प्रसंग पाहताना आमच्यासारख्या कोरड्या वकिलाचेही डोळे ओले झाले. त्याच संस्थानात माणगावला मार्च 1920 मध्ये शाहू महाराजांनी बहिष्कृतांच्या परिषदेत बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून पुढे केले होते. पण भावनेपेक्षा व्यवहार महत्त्वाचा आहे. वारणेच्या खोऱ्यातील माणसाला आजवर उच्च न्यायालय म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, नातेवाइकाच्या खोलीत अंघोळ, आणि दुपारी कळायचे की आज काम निघणार नाही. एका फेरीत म्हशीच्या दुधाचा महिना संपत असे. आता वारणानगरहून तीसएक किलोमीटरवर एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. औरंगाबादला खंडपीठ 1981 मध्ये सुरू झाले. ते तेथे नसते तर परभणीच्या प्रकरणात काय झाले असते, याचा विचार करावा.

दार जवळ आले, तरी हातात कागद नसेल तर ते उघडत नाही. गेल्या वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही हेच वारंवार पाहिले आहे. एका गावी जयंतीच्या मिरवणुकीनंतर एका मुलाला ठाण्यात नेऊन मारले. त्याची आई तीन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसली. साहेब येतील मग बघू, असे तिला सांगण्यात आले. चौथ्या दिवशी ती आमच्याकडे आली तेव्हा मुलाच्या पाठीवरचे वळ पिवळे पडून विरू लागले होते, आणि तिच्याजवळ तारीख असलेला एकही कागद नव्हता. आम्ही त्या प्रकरणात काही करू शकलो नाही, ही गोष्ट अजून सलते. विजयाबाईंनी मुलाच्या मृत्यूनंतर तिसऱ्याच दिवशी, दुःखाच्या त्या कल्लोळात, तारीख घालून फिर्याद लिहून दिली. उच्च न्यायालयाचा आदेश त्या तारखेच्या कागदावर उभा राहिला आहे.

तेव्हा आपल्या घरातील कोणाला मोर्चातून किंवा मिरवणुकीतून पकडून नेले तर काय करावयाचे, हे घरातील बायकामुलांनाही ठाऊक असू द्या. कारण पकडला जाणारा बहुधा कर्ता पुरुष असतो. अटकेची कारणे सांगण्याचे आणि नातेवाइकाला कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहे. प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. घटनेचे कलम 22 तसे सांगते. डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे, आणि कोठडी लांबली तर दर 48 तासांनी पुन्हा झाली पाहिजे, हे डी. के. बसू खटल्यात 1996 साली ठरले आहे. दंडाधिकाऱ्यासमोर उभे केल्यावर मारहाण झाली असेल तर तेथेच, त्याच क्षणी, शर्ट वर करून सांगितले पाहिजे. आपली माणसे तेथे गप्प राहतात. पोलीस शेजारी उभा असतो, परत त्याच्याच ताब्यात जावयाचे असते, म्हणून गप्प राहतात. ही भीती आम्ही समजू शकतो, पण त्या क्षणाची नोंद पुढे कोणत्याही साक्षीदाराने भरून निघत नाही. वकिलाला पैसे नसले तरी अडू नका. कोठडीतील माणसाला, स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज अवश्य करा, पण तेथे थांबू नका. आयोग शिफारस करतो, शिक्षा करीत नाही.

ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर तीच मजकुरासह टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोस्टाची पावती सांभाळा. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नव्या संहितेच्या कलम 173 मध्ये ही वाट घालून दिलेली आहे.

नवदीक्षित कुटुंबांकडून आणखी एक शंका वारंवार येते. धर्म बदलल्याने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण गेले काय? गेले नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना अनुसूचित जातीतच गणले आहे. फिर्यादीत आपला धर्म बौद्ध असे अभिमानाने लिहा आणि मूळ जातीचा उल्लेख दाखल्याप्रमाणे करा. दोन्ही लिहिण्यात विसंगती नाही.

परभणीच्या प्रकरणाचा तपास पुढे कसा चालतो, आरोपपत्रात कोणाची नावे येतात, येतात की नाही, याकडे हे पाक्षिक लक्ष ठेवून राहील आणि वेळोवेळी आपणांस कळवील. कलम 196 मधील मौन दूर करून, दंडाधिकाऱ्याचा अहवाल प्रतिकूल असेल तर ठराविक मुदतीत गुन्हा नोंदविणे बंधनकारक करावे, अशी मागणी करणारे निवेदन आम्ही तयार करीत आहोत. त्यावर प्रत्येक विहारातून सह्या याव्यात. वारणानगर परिसरात ज्यांना फिर्याद किंवा अर्ज लिहून घ्यावयाचा असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. येताना दाखल्यांच्या व वैद्यकीय कागदांच्या छायाप्रती आणाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती, आमच्याही, देऊ नयेत.